सुकटीचा हिशेब

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की कोकणातल्या बाजारांत आगोटीची घाई सुरू होते. घरं शाकारून झालेली असतात, सरपण पडवीत आलेलं असतं, उरलेले असतात ते रिकामे डबे. बाजाराच्या कडेला ताडपत्रीवर ढीग लागतात: सुके बोंबील, जवळा, मांदेली, वाकट्या, खारवलेले बांगडे. घेणारी बाई मूठभर जवळा उचलते, नाकाशी नेते, बोटांत चुरडून बघते. वाळू लागते का? ओल राहिलीय का? मग भाव विचारते, आणि भाव ऐकून मूठ पुन्हा ढिगात सोडते. घासाघीस खरी त्यानंतर.

कोकणातून हीच सुकट घाट चढून वर जाते. साताऱ्या-सोलापूरकडच्या आठवडी बाजारात, जिथे ताजी सुरमई क्वचितच दिसते, तिथे मिरच्या-लसणाच्या शेजारी सुकटीचं पोतं उघडं असतं. तिला बर्फ लागत नाही, फ्रीज लागत नाही. तव्यावर भाजली, कांदा-तिखट टाकलं, की भाकरीला कोरड्यास तयार. मोलमजुरी करणाऱ्या घरात पावसाळ्यातलं मांसाहारी जेवण म्हणजे बहुतेक वेळा एवढंच.

'अन्नसुरक्षा' म्हटलं की आपल्याला रेशनचं दुकान आठवतं. २०१३च्या कायद्यानं प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. त्या धान्याबरोबर खायचं काय, हा प्रश्न कायद्याच्या बाहेर राहिला. किनाऱ्यावर आणि किनाऱ्यामागच्या मोठ्या पट्ट्यात त्याचं उत्तर आजवर समुद्रानं दिलं, तेही सुरमई-पापलेटातून नव्हे, तर तारली, बांगडा, बोंबील, मांदेली, जवळा अशा मासळीतून, जिचं नाव हॉटेलच्या फलकावर सगळ्यात खाली असतं किंवा नसतंच. समुद्राचं दुखणं पहिल्यांदा याच मासळीत दिसतं. श्रीमंताचं पापलेट महाग होतं, पण मिळतं. गरिबाची सुकट महाग झाली की ती ताटातून जाते, आणि तिच्या जागी दुसरं काही येत नाही.

बोंबलाचंच घ्या. हा मासा निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच. हातात धरला तर लुळा पडतो, उन्हात ठेवला तर तासाभरात उतरतो. त्याचा वावरही चमत्कारिक आहे. पश्चिम किनाऱ्यावर तो गुजरातपासून साधारण रत्नागिरीपर्यंत सापडतो, पुढे दक्षिणेत जवळजवळ नाहीच, आणि मग थेट पूर्व किनाऱ्यावर आंध्रच्या उत्तरेकडून बंगालपर्यंत पुन्हा भेटतो. मालवणी माणसाला ताज्या बोंबलाची खरी ओळख मुंबईत आल्यावर होते, ती यामुळे.

वर्सोवा, मढ, उत्तन, अर्नाळा, सातपाटी इथल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात बांबूंच्या चौकटी उभ्या राहतात आणि त्यांवर आडव्या दोऱ्या ताणल्या जातात. बोंबील वाळवायची रीत बघण्यासारखी असते. बाई दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. दोघांचे बारीक, आत वळलेले दात एकमेकांत रुततात. खिळा नाही, गाठ नाही. एक जोडी, दुसरी जोडी, शंभरावी जोडी. हात थांबत नाहीत, गप्पाही थांबत नाहीत. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळालं की माल तयार. मध्येच अवकाळी सर आली तर बुरशी धरते, आणि माणसांसाठी वाळत घातलेला मासा खताच्या भावानं जातो. हे सगळं काम बायकांचं आणि त्यातली जोखीमही त्यांचीच. बोटीला कर्ज मिळतं, डिझेलवर परतावा मिळतो; दोरीवर वाळणाऱ्या बोंबलाच्या वाट्याला तसं काही सहसा येत नाही.

हा बोंबील येतो डोल जाळ्यात. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना किंवा नांगरांना बांधलेली लांबच लांब पिशवी, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती. ती कुणी ओढत नेत नाही. भरती-ओहोटीचं पाणीच तिच्यातून धावतं आणि त्याच्याबरोबर वाहणारी मासळी शेवटच्या बारीक आसांच्या भागात, खोल्यात, साठते. उधाणाला पाण्याला ओढ असते तेव्हा जाळं भरतं. भांगाला पाणी मंदावतं, तेव्हा डोलकर जाळी दुरुस्त करत किनाऱ्यावर बसतो. चंद्रावर चालणारी ही मासेमारी डिझेल कमी पिते, दूर जात नाही आणि शहराच्या तोंडाशी ताजी मासळी आणून देते.

पण पाणी आणेल ते सगळंच डोल गाळते. मुंबईच्या आसपास खोला बोटीवर मोकळा केला की जवळा, बोंबील आणि कोळंबीच्या ढिगातून दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पाकिटांचे तुकडे, चपला, निर्माल्याच्या थैल्या बाहेर येतात. प्लास्टिकची पिशवी जाळ्याच्या आसांवर बसली की पाणी अडतं, जाळ्यावर ताण येतो, कधी जाळं फाटतं. त्याहून मोठा खर्च निवडणीचा. जवळा हा बोटाच्या पेरापेक्षा लहान जीव. त्यातून प्लास्टिकची चिंधी वेगळी करायला नजर आणि वेळ दोन्ही लागतात. तोवर ऊन चढतं, माल मऊ पडतो, भाव उतरतो. कचऱ्याची ही किंमत महापालिकेच्या अंदाजपत्रकात कुठे दिसत नाही, कारण ती सकाळी किनाऱ्यावर उकिडव्या बसलेल्या बायकांनी आधीच चुकवलेली असते.

डोळ्यांना दिसतं ते प्लास्टिक निवडता तरी येतं. पापलेट किंवा सुरमई साफ करताना पोट काढून टाकतात. जवळा, सुकट, बारीक मांदेली आतड्यासकट खाल्ली जाते. बारीक मासळीतलं कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं शरीराला मिळतात ती अशी अख्खी खाल्ल्यामुळेच. पण प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि पाण्यातली घाण पोटात असेल, तर तीही अख्खीच येते. म्हणजे प्रदूषणाचा वाटाही स्वस्त मासळी खाणाऱ्याच्या ताटात आधी पडतो.

पाण्यात काय काय उतरतं, याला मुंबईत पुरावा शोधावा लागत नाही, नाक पुरतं. वरळी आणि वांद्र्याहून समुद्राखालून तीन किलोमीटरांहून लांब बोगदे काढून सांडपाणी आत नेऊन सोडलं जातं. खाड्या आणि नाले आपापलं वेगळं आणतात. जानेवारी २०२३मध्ये शहरातल्या सात मलनिस्सारण केंद्रांच्या नव्या बांधणीचं भूमिपूजन झालं. खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. ही केंद्रं पूर्ण क्षमतेनं चालली तर फरक पडेल हे खरं. पण एवढ्या श्रीमंत शहराला स्वतःची घाण धुऊन सोडायचं काम या पातळीवर हाती घ्यायला २०२३ उजाडावं लागलं, हेही खरं.

उत्तरेला पालघरात वेगळी कहाणी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं पाणी खाडीत आणि किनाऱ्यावर येतं, मासे मरतात, या तक्रारी घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२२मध्ये लवादानं कारखान्यांवर आणि सामाईक सांडपाणी केंद्रावर कोट्यवधींची पर्यावरण भरपाई बसवली. मासेमारी करणाऱ्या समाजानं मासे सोडून पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल आणि वकिलांच्या तारखा सांभाळायच्या, ही त्या खटल्याची न मोजलेली किंमत.

बिघाड फक्त कडेला राहत नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये जुहूच्या आणि कोकणातल्या काही किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकू लागल्या. मोबाइलवर चित्रफिती फिरल्या, लोक गाड्या काढून बघायला गेले. ती चमक नॉक्टिलुका नावाच्या एकपेशीय जीवाची. मूळचे गोव्याचे आणि अमेरिकेत काम करणारे हेल्गा गोम्स आणि ज्योकिम गोएस हे शास्त्रज्ञ अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिलुकाचा वर्षानुवर्षं माग काढत आहेत. त्यांच्या गटानं २०१४मध्ये मांडलं, की हिवाळ्यात समुद्राच्या वरच्या थरात कमी प्राणवायूचं पाणी मिसळू लागल्यामुळे हा जीव माजतो आणि डायटम या सूक्ष्म वनस्पतींची जागा बळकावतो. कारणाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण परिणाम कोळ्याला सहज समजेल असा आहे. डायटम हे समुद्रातलं गवत. बारीक जीव ते खातात, त्यांना तारली-बांगडा खातो. नॉक्टिलुका मात्र माशांच्या या साखळीला फारशी उपयोगी नाही. तिच्यावर जेलीफिश आणि साल्पसारखे पाणचट जीव पोसतात. कुरणात गवताऐवजी घाणेरी माजावी, तसं हे.

तारलीची गोष्ट इथे सांगायलाच हवी, जरी तिचं मुख्य गाव केरळ असलं तरी. गोव्यात तार्ले, सिंधुदुर्गात तारली किंवा पेडवे. तिरफळ घालून केलेलं तिचं तिखलं ज्यानं खाल्लंय त्याला अधिक सांगायला नको. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली होती. २०२१मध्ये ३,२९७ टन. आकडा वाचताना शून्य गळलंय असं वाटतं, पण कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचाच हा आकडा आहे. संस्थेनं बोट ठेवलं ते एल निनोसारख्या बदलांवर; त्यात पिल्लांच्या मासेमारीची भर पडली. पुढच्या काही वर्षांत तारली पुन्हा आली, टनांचे आकडे लाखावर गेले. ती मुळातच अशी लहरी आहे. कोवळी धरली नाही तर लवकर वाढते आणि वाईट वर्षातून लवकर सावरते. प्रश्न एवढाच, की वाईट वर्ष आल्यावर आपण जाळं आखडतो की आणखी मोठं टाकतो.

महाराष्ट्रानं असं वर्ष २०१९मध्ये पाहिलं. आदल्या वर्षी २.९५ लाख टन मासळी उतरली होती. त्या वर्षी २.०१ लाख टन, म्हणजे ४५ वर्षांतला नीचांक. वायू, हिक्का, क्यार, महा अशी वादळांची रांग लागली होती आणि ऐन हंगामात बोटी बंदरात बांधून होत्या. पण वादळ हे एकच कारण सांगून सुटका नाही. बोटी वाढल्या होत्या, इंजिनं मोठी झाली होती आणि जाळ्यांचे आस लहान.

यातलं सगळ्यात वादाचं जाळं पर्ससीन. माशांचा थवा दिसला की बोट त्याच्याभोवती गोल फिरत जाळ्याची भिंत सोडते आणि मग तळाची दोरी आवळते, बटव्याची नाडी ओढावी तशी. बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा एका खेपेत आत. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ला या मासेमारीवर निर्बंध घातले: परवाने हळूहळू १८२वर आणायचे आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच. रात्री एलईडी दिव्यांचा झोत पाण्यात सोडून मासे गोळा करण्यावर केंद्रानं नोव्हेंबर २०१७मध्ये बंदी घातली. २०२१मध्ये राज्यानं १९८१च्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती केली आणि दंड लाखांच्या घरात नेला. जानेवारी २०२५पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले.

कागद एवढा भरलेला असूनही रत्नागिरी-मालवणच्या समुद्रात रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसल्याच्या तक्रारी थांबत नाहीत. गस्तीच्या बोटी मोजक्या, समुद्र शेकडो किलोमीटरांच्या किनाऱ्याचा आणि त्यात राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत. पुढे केंद्राचं पाणी. या रेषेच्या अलीकडे कोण होतं आणि पलीकडे कोण, यावर अर्धे खटले घुटमळतात. त्यात शेजारच्या राज्यांचे वेगवान ट्रॉलर येतात ते वेगळेच.

मालवण-वेंगुर्ल्याच्या वाळूवर मासेमारीची दुसरी रीत अजून थोडीफार टिकून आहे: रापण. होडी किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, त्याची दोन टोकं वाळूवर उतरतात आणि दोन रांगा ते ओढायला लागतात. म्हातारे, पोरं, सुट्टीला आलेला मुंबईकर, सगळे. जाळं वर आलं की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. दोराला हात लावलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने घरी जात नाही. अन्नवाटपाची याहून साधी व्यवस्था कुठल्याही खात्याला जमलेली नाही. पण रापणीला मासा किनाऱ्याजवळ यावा लागतो. यांत्रिक बोटींनी तो बाहेरच उचलला की वाळूवर जाळं ओढणाऱ्यांच्या हाती शेवाळ आणि जेलीफिश. गोव्यात १९७०च्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले ते याचसाठी. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यामागोमाग १९८०चा गोव्याचा मासेमारी नियमन कायदा आला आणि यांत्रिक बोटींना किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा बंद झाला.

मात्र 'पारंपरिक म्हणजे निर्दोष' असं म्हणून मोकळं होणंही सोयीचं आहे, खरं नाही. डोलीच्या खोल्याचे आस इतके बारीक असतात, की त्यात पापलेटची नखाएवढी पिल्लंही अडकतात. सातपाटी हे पापलेटचं गाव; तिथल्या मच्छीमार संस्थांनी मागणी लावून धरली आणि सप्टेंबर २०२३मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच इंचांच्या आसपास. पण बाजारात पट्टी घेऊन कोण बसतं? त्यातून शहरातल्या गिऱ्हाइकाला आणि खानावळींना आवडतं ते ताटलीत अख्खं मावणारं लहान पापलेट. गोल, चंदेरी, कुरकुरीत तळलेलं. मागणी तिथून सुरू होते आणि दोष जाळ्यावर येतो.

लहान मासळी बाजारात न जाता जाते कुठे, हा हिशेब तर क्वचितच कुणी मांडतं. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात नको असलेली, न वाढलेली मासळी ढिगानं येते. पूर्वी ती समुद्रात फेकून देत. आता तिला गिऱ्हाईक आहे: माशांची भुकटी आणि तेल काढणारे कारखाने. साधारण चार-पाच किलो ओली मासळी दळली की किलोभर भुकटी मिळते. ती कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. कोळंबी शेततळ्यांत वाढते, गोठवली जाते आणि बरीचशी परदेशी जाते. २०२४-२५मध्ये भारताची सागरी उत्पादनांची निर्यात ६२,४०८ कोटी रुपयांची होती, आणि तिचा मोठा हिस्सा या गोठवलेल्या कोळंबीचा. परकीय चलन येतं, कामगारांना रोजगार मिळतो, हे कुणी नाकारत नाही. पण जी मांदेली किंवा तारली वीस-तीस रुपयांच्या वाट्यात एका घराचं कालवण झाली असती, ती भुकटी आणि मग कोळंबी होऊन अमेरिकेतल्या कुणाच्या तरी ताटात पोचते. टनांच्या आकडेवारीत दोन्ही 'उत्पादन'च. किती मासळी उतरली हे सरकार दरवर्षी सांगतं; तिच्यातली किती माणसांनी खाल्ली, हा रकाना शोधावा लागतो.

आणि कधीकधी मासळी असते, पण कुणी खात नाही. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. नारळी पौर्णिमा तोंडावर असताना, ज्या हंगामाची दोन महिने वाट पाहिली त्याच हंगामात गिऱ्हाइकानं मासळीबाजाराकडे पाठ फिरवली. मे २०२५मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा-३ बुडालं तेव्हा तेच पुन्हा झालं. ६४० कंटेनर, त्यांतले १३ घातक मालाचे. प्लास्टिकचे साबुदाण्यासारखे दाणे केरळच्या वाळूवर पसरले. तिथल्या सरकारनं झळ बसलेल्या मच्छीमार कुटुंबांना हजार रुपये आणि ६ किलो तांदूळ दिले. गोव्यात २०१८च्या पावसाळ्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातम्या आल्या आणि परराज्यांतली मासळी काही दिवस बंदच करावी लागली. त्या निमित्तानं अनेकांना पहिल्यांदा कळलं, की शीत-कडीच्या या प्रदेशातही ताटातला मासा आंध्र-ओडिशाहून बर्फात येतो.

एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत त्याचा उपयोग होईल. शेतीत पेरणी आणि राखण अशी दोन कामं असतात. समुद्रात पेरणी आपोआप होते, राखण तेवढी माणसाकडे आहे. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी म्हणजे तीच राखण. कोळी समाजाला ती नवी नाही. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ अर्पण करेपर्यंत दर्यात जाऊ नये, हा दंडक कायद्याच्या कितीतरी आधीचा.

त्या ६१ दिवसांत किनाऱ्यावरचं चुलाणं मेमध्ये भरलेल्या डब्यांवर चालतं. आणि त्या डब्यांत काय पडणार, हे ठरतं आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या उधाणांत: डोलीच्या खोल्यात जवळा जास्त आला की पिशव्या, बोंबील वाळले की भिजले, ढीग ताडपत्रीवर उतरला की टेम्पोत भरून कारखान्याला गेला. मेच्या त्या शेवटच्या आठवड्यात बाजारात घासाघीस संपते, विकणारी बाई मापटं ढिगात खुपसते, काठोकाठ भरते आणि वर आपल्या हातानं थोडी सुकट टाकते. पदरात बांधायची पद्धत गेली. घेणारी बाई पिशवी पुढे करते. पातळ, पांढरी, प्लास्टिकची.